मिरजेची गीता, औंधचे राजे आणि छापील चित्राचे मोल

१/ चित्राच्या खालच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले '१२/५०' आणि उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही. कलादालनात असे मुद्राचित्र पाहणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच सांगितला जातो : या चित्राच्या पन्नासच प्रती काढल्या, त्यांतील ही बारावी. किंमत त्या पन्नासाच्या आकड्यावर उभी असते. साताऱ्या-सांगलीच्या मुलखात मात्र छापील चित्राचे आणि छापील पानाचे मोल फार वेगळ्या वाटांनी ठरत गेले. हा धागा त्या वाटांचा आहे. सुरुवात मिरजेपासून, मग औंध, आणि शेवटी कृष्णाकाठच्या घरांतली देवघरे.

२/ आधी एक भेद लक्षात ठेवावा लागेल. मर्यादा आणि दुर्मीळता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मर्यादा छापण्यापूर्वीच कोणीतरी ठरवतो. दुर्मीळता मागाहून घडते. पाणी, वाळवी, रद्दीवाला आणि घराच्या वाटण्या मिळून ती घडवतात. संग्राहक पैसे मोजतो ते बहुधा पहिलीसाठी. इतिहासाच्या अभ्यासकाला ओढ असते ती दुसरीची.

३/ प्रतींवर क्रमांक घालण्याची रीत फार जुनी नाही. रेम्ब्रांटने सतराव्या शतकात तांब्याच्या पत्र्यांवर शेकडो चित्रे कोरली, पण एकाही प्रतीवर क्रमांक घातला नाही. तो १६६९ साली वारला आणि त्याचे पत्रे या मालकाकडून त्या मालकाकडे फिरत राहिले. पुढची दोनशेहून अधिक वर्षे त्यांवरून प्रती निघत होत्या. पत्रा झिजला की रेषा पुसट होतात. मग कोणी त्या पुन्हा खोल करतो आणि पुन्हा छापतो. त्यामुळे रेम्ब्रांटच्या हयातीत निघालेली प्रत आणि त्याच पत्र्यावरून एकोणिसाव्या शतकात निघालेली प्रत यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. चित्र एकच, पत्राही एकच. निराळे असतात ते कागद, शाई आणि रेषेची धार. जाणकार कागदातला जलचिन्हाचा ठसा उजेडासमोर धरून पाहतात तो यासाठीच.

४/ पेन्सिलीची सही आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. व्हिस्लर हा तिचा मोठा पुरस्कर्ता. सही केलेली प्रत तो बिनसहीच्या प्रतीच्या दुप्पट दराने विकत असे. चित्रात काहीच वाढलेले नसे, वाढलेला असे तो भरवसा. पुढे क्रमांक आला आणि त्याबरोबर काम संपल्यावर पत्र्यावर आडवा ओरखडा मारून तो बाद करण्याची चालही आली. क्रमांक म्हणजे वचन आणि ओरखडा म्हणजे त्या वचनाचा पुरावा.

५/ आता मिरज. पेशवाईच्या अखेरच्या दशकांत पुण्याच्या दरबारी इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट होता. तो १७८६ मध्ये आला. त्याच्या आग्रहाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. वेल्सने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रे रंगवली. त्याच वर्तुळातल्या गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. गंगारामाची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पुण्याच्या कारागिराचा हात किती तयार होता, हे त्यांवरून कळते.

६/ मॅलेटने पुण्याच्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर छपाईसाठी देवनागरी अक्षरे कोरण्यास शिकवले. ताम्रपट कोरणे आपल्याकडे नवे नव्हते. पण ताम्रपटावर अक्षर सुलटे असते, कारण पत्राच वाचायचा असतो. छपाईसाठी ते उलटे कोरावे लागते. आरशातली गीता कोरण्यासारखेच हे काम! नाना फडणिसांच्या मनात या कारागिराकडून भगवद्गीता छापून घ्यावी असे होते. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले आणि तो बेत पुण्यात अर्धा राहिला.

७/ तो पुरा झाला मिरजेत. कारागिराला आश्रय दिला मिरजेचे जहागीरदार गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी, आणि १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता तयार झाली. अ. का. प्रियोळकर यांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात या प्रतीची सविस्तर दखल घेतली आहे. त्या वेळी पटवर्धनांच्या घरात भाऊबंदकी नुकतीच पेटून विझली होती. पुतणे चिंतामणराव १८०१ च्या सुमारास मिरजेहून निघून सांगलीस राहिले आणि सांगली हे नवे राजधानीचे गाव उभे राहत होते. वाटणीच्या त्या धामधुमीत मिरजकरांनी एका कारागिराला बसवून अठरा अध्याय तांब्यावर कोरून घेतले, हे नोंदवण्याजोगे आहे.

८/ योगायोग असा की १८०५ मध्येच बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून बाहेर पडले. खिळे सोडवून पुन्हा जुळवता येतात, एका ग्रंथाचे खिळे दुसऱ्यासाठी वापरता येतात. मिरजेच्या पत्र्यावर कोरलेला श्लोक मात्र त्या श्लोकाखेरीज कशालाच उपयोगी नव्हता. म्हणून श्रीरामपूरची रीत पसरली आणि मिरजेची तिथेच थांबली.

९/ हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहता येते. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटने लंडनला गेली आणि थॉमस डॅनियलने त्यांवरून २४ मुद्राचित्रे कोरून १८०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तो ग्रंथ श्रीमंत इंग्रज गिऱ्हाइकांसाठी होता. त्याच्या प्रती आजही लिलावात येतात, त्यांची सूची होते, मागच्या विक्रीवरून पुढची किंमत ठरते. मिरजेची गीता अशा बाजारासाठी निघालीच नव्हती. तिच्यावर ना क्रमांक, ना दर. एकाच पुण्याच्या वर्तुळातून दोन वर्षांच्या अंतराने निघालेल्या या दोन छपाया. एकीला किंमत आहे. दुसरीला मोल आहे, पण ते मोजण्याचा बाजारच नाही.

१०/ पुढची मोठी उडी शिळाछापाची. बव्हेरियाच्या सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी ही युक्ती शोधली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचे, दगड ओला करायचा आणि वर तेलकट शाई फिरवायची. शाई फक्त खडूच्या रेषेला धरते. कोरणे नाही, झीज कमी, प्रती हजारो. काम झाले की वाळू-पाण्याने दगड घासून चित्र पुसायचे आणि त्यावर दुसरे काढायचे. म्हणजे ओरखडा न मारताही मूळ नष्ट होई. कोणी मर्यादा घातली नव्हती, पण दगड महाग होते एवढे कारण पुरेसे होते.

११/ पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिची रामपंचायतनासारखी रंगीत शिळाछाप चित्रे स्वस्त होती आणि घरोघर गेली. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत स्वतःचा छापखाना उभारला, जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणले. 'शकुंतलाजन्म' हे तिथून निघालेले पहिले चित्र मानले जाते. प्लेगच्या काळात छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलला. धंद्यात खोट येत गेली, तेव्हा फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. पुढे तिथून देवदेवतांच्या चित्रांबरोबर कॅलेंडरे, जाहिराती आणि काडेपेट्यांवरच्या चिठ्ठ्याही छापल्या गेल्या. १९७२ च्या आगीत तो जळाला.

१२/ ही चित्रे 'ओलिओग्राफ' म्हणून ओळखली जातात. एकेका रंगाला एकेक दगड, कधी दहाहून अधिक. वर वॉर्निश आणि कॅनव्हासच्या पोताचा दाब, म्हणजे ते तैलचित्रासारखे दिसावे. त्यांचा हेतू मर्यादित राहण्याच्या नेमका उलट होता. राजवाड्यात लटकलेली लक्ष्मी शेतकऱ्याच्या घरात जावी, हाच तर बेत होता.

१३/ आता औंध. आज हे गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आहे, पण औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी आणि कुंडल हे आजच्या सांगली जिल्ह्यातले भागही त्याचेच. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. महाराष्ट्राला ते सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ठाऊक आहेत. गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती सत्ता सोपवणारे राजे म्हणूनही ठाऊक आहेत. ते स्वतः चित्रकार होते, हे मात्र सहसा तळटिपेत जाते.

१४/ औंधच्या यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये उभारलेले श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आज शासनाच्या देखरेखीखाली आहे. रविवर्म्याची मूळ तैलचित्रे, धुरंधरांची चित्रे, लघुचित्रे, युरोपीय चित्रांच्या मुद्दाम करवून घेतलेल्या नकला आणि हेन्री मूरचे एक शिल्प या एका डोंगरावर आहे. नकलांकडे आजचा रसिक नाक मुरडतो. बाळासाहेबांचा हिशेब निराळा होता. खटावातल्या शाळकरी पोराला फ्लॉरेन्सला जाता येणार नाही, तेव्हा फ्लॉरेन्स इथे आणावे. खरे-खोटे हा त्यांच्या लेखी बाजाराचा प्रश्न होता, शिक्षणाचा नव्हे.

१५/ हाच माणूस छपाईकडे वळला तेव्हा काय झाले? १९१६ मध्ये त्यांचे 'चित्ररामायण' निघाले. चित्रे त्यांच्याच हातची. त्यानंतर त्यांनी वेरूळ (१९२९) आणि अजिंठा (१९३२) यांवर सचित्र पुस्तके केली. आणि सर्वांत मोठे काम महाभारताचे. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीसाठी बाळासाहेबांनी १९१८ मध्ये एक लाख रुपये देऊ केले. संस्थानाचा आकार पाहता ही रक्कम थक्क करणारी आहे. त्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर सुकथनकरांच्या नावाबरोबर चित्रकार म्हणून औंधच्या राजांचे नाव छापलेले आहे. १९६६ मध्ये काम पुरे झाले, तोपर्यंत राजे जाऊन पंधरा वर्षे लोटली होती आणि संस्थान तर त्याआधीच विलीन झाले होते.

१६/ महाभारताच्या त्या खंडांचे वाचक पाठभेद शोधतात, चित्रांची पाने सरसर उलटतात. पंडितांना चित्रे अनावश्यक वाटली आणि चित्रांच्या अभ्यासकांना ती फार सालस वाटली. दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष झाले, म्हणून ही पाने ग्रंथालयांत शाबूत तरी राहिली! ज्या जुन्या सचित्र ग्रंथांना भाव येतो, त्यांची गत उलट होते. विक्रेते त्यांची शिवण उसवतात, चित्रांची पाने सुटी करतात आणि चौकटीत घालून एकेक विकतात. पुस्तकाच्या एका किमतीपेक्षा पानांची बेरीज मोठी होते. 'चित्ररामायणा'सारखा ग्रंथ असा फुटला की चित्रे उरतात, पण ती कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मजकुरासमोर आली होती हे जाते. ते परत जोडता येत नाही.

१७/ औंधच्याच आश्रयाची आणखी एक शाखा कुंडलजवळ फुटली. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बाळासाहेबांनी माळरान दिले आणि किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. काही रंग नीट ओळखता येत नसल्याने त्यांना चित्रकला सोडावी लागली आणि ते यंत्रांकडे वळले. त्यांच्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. मग 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) आली आणि या मासिकांची रंगीत मुखपृष्ठे मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांना वळण लावती झाली. हजारोंनी छापलेली ही मुखपृष्ठे वर्ष सरले की रद्दीत जात. आज मुखपृष्ठासह धड अंक मिळणे ही संग्राहकाची चैन आहे. मर्यादा शून्य, दुर्मीळता भरपूर.

१८/ मग घरातल्या जुन्या चित्राचे मोल कसे पाहावे? सर्वप्रथम भिंग. शिळाछापात रंगाचे कण वेडेवाकडे, हाताने टिंबलेले दिसतात. जाळीच्या छपाईत, म्हणजे हाफटोनमध्ये, टिंबे ओळीने शिस्तीत बसलेली असतात. आजच्या शाईफवाऱ्याच्या यंत्रावरच्या प्रतीत रंगाची बारीक धूळ उडाल्यासारखे दिसते. रविवर्म्याच्या चित्रांच्या नव्या प्रती काढून, चहाच्या पाण्याने पिवळ्या करून जुन्या म्हणून विकल्या जातात. पाच मिनिटे भिंग धरले की त्यांतल्या बहुतेक उघड्या पडतात.

१९/ दुसरे, खालचा समास. तिथे छापखान्याचे नाव असते. रविवर्मा छापखान्याच्या सुरुवातीच्या चित्रांवर मुंबईचा आणि नंतरच्या चित्रांवर कार्ला-लोणावळ्याचा उल्लेख येतो. काहींवर मुंबईच्या मोतीबाजारातले विक्रेते अनंत शिवाजी देसाई यांचे नाव असते. त्या एका ओळीवरून चित्राचा काळ आणि वाट दोन्ही कळतात. दुर्दैवाने चौकट करणाऱ्या सुताराला हीच ओळ आधी अडचणीची वाटे आणि तो समास कापून टाकी. कापलेल्या समासाचे चित्र बाजारात उतरते. देवीच्या चेहऱ्यावर डाग असला तर गिऱ्हाईक हळहळते, पण तळाची अर्धा इंच पट्टी गेल्याचे दुःख फक्त जाणकाराला होते.

२०/ तिसरी गोष्ट जरा वादाची. पुष्कळ घरांत बायकांनी या छापील देवींना खऱ्या जरीची साडी नेसवली, मोती, टिकल्या, चमकी चिकटवली. जुने संग्राहक अशी प्रत 'बिघडलेली' समजत. आता अशाच प्रती स्वतंत्रपणे जमवल्या जातात. हे योग्यच झाले. हजार प्रतींतली एक प्रत त्या सुईने खरोखरीच एकमेव केली. तिच्यावर क्रमांक नाही आणि सही करणारीचे नावही नाही.

२१/ आणि आजची मुद्राचित्रे? हुसेन, रझा यांच्या सेरीग्राफच्या क्रमांकित, सही केलेल्या आवृत्त्या कलादालनांनी विकल्या. मूळ चित्र ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांना चित्रकाराची सही भिंतीवर लावता आली. अशी प्रत घेताना क्रमांकापेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे. आवृत्ती कोणी छापली? क्रमांकाबाहेर चित्रकारासाठी राखलेल्या प्रती किती? सही हाताची की छापलेली? जाळी वा पत्रा बाद केला का? संगणकातल्या फाइलीवरून काढलेल्या प्रतींबाबत शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नसते. दगड घासला जातो, पत्रा झिजतो, फाइल झिजत नाही. तिथे मर्यादा म्हणजे विकणाऱ्याचा शब्द, एवढेच.

२२/ कायद्याचाही बाजारावर परिणाम होतो. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली १९७९ मध्ये रविवर्म्याची कला राष्ट्रीय निधी ठरली. त्याची मूळ चित्रे देशाबाहेर विकता येत नाहीत आणि देशातल्या देशात त्यांचे भाव कोटींत गेले. मूळ इतके दूर गेल्यावर ज्यांना रविवर्मा हवा होता ते ओलिओग्राफकडे वळले. आजीच्या देवघरातल्या सरस्वतीला गिऱ्हाईक आले ते असे.

२३/ पण कृष्णाकाठी गिऱ्हाइकाआधी नदी येते. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे महापूर सांगलीने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सुमारे ५७ फुटांपर्यंत चढले आणि गावभागातल्या जुन्या घरांत दिवसेंदिवस उभे राहिले. घर सावरताना माणसे आधी धान्य, कागदपत्रे, अंथरुणे पाहतात आणि तेच बरोबर आहे. भिंतीवरची चित्रे शेवटी येतात. तोवर वॉर्निशचा थर काचेला चिकटलेला असतो. घाईने ओढले की रंग काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो.

२४/ चिकटलेले चित्र काचेपासून सोडवू नये. काचेसकट, काचेची बाजू खाली ठेवून, सावलीत आडवे वाळू द्यावे आणि कागद-संवर्धन करणाऱ्याकडे न्यावे. कोरडे चित्र असेल तर मागची फळी उघडून समास पाहावा. सुताराने कापला नसेल तर तो चौकटीच्या खाचेत दडलेला असतो आणि तिथेच छापखान्याची ती ओळ मिळते. तिचा आणि चित्राच्या पाठीचा फोटो काढून ठेवावा. पाठीवर कोणी पेन्सिलीने तारीख, गाव वा लग्नाचा आहेर म्हणून नाव लिहिलेले असेल, तर फळी बदलली तरी तो कागद टाकू नये.